हापशाचा संध्याकाळचा रकाना

आम्ही शिकत होतो तेव्हा नांदेडच्या आमच्या कॉलेजात पृथ्वी फार शिस्तीनं ओढायची. लंबकाच्या प्रयोगात वर्गातल्या सगळ्यांचं उत्तर दशांशानंतरच्या दोन अंकांपर्यंत एकच यायचं. कारण साधं होतं. आदल्या वर्षीच्या एका मुलीचं जर्नल सगळ्यांच्या घरी एकेक रात्र मुक्काम करून गेलेलं असायचं. उत्तर आधी लिहायचं आणि तिथून मागं मागं येत निरीक्षणं तयार करायची. ह्याला आम्ही 'उलटी रीडिंग' म्हणायचो. मी त्यात इतकी तरबेज होते, की एखादं निरीक्षण मुद्दाम जरासं बिघडवून ठेवायचे, खरं वाटावं म्हणून. सरांनी नेमकं त्याच निरीक्षणाशेजारी 'प्रामाणिक' असा शेरा मारलेला आहे.

ते जर्नल मी जपून ठेवलंय. मागं नातीला दाखवलं. ती पुण्यात इंजिनिअरिंग शिकते. ती म्हणाली, "आज्जी, तू तर चीटर होतीस!"

मी म्हटलं, "होतेच. आणि ह्याच भांडवलावर पुढं जन्मभर पोरांना संशोधन कसं करावं ते शिकवलं."

हा विनोद नाही. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी लातूरच्या एका तंत्रनिकेतनात नोकरीला लागले. लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. गावात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या लागत होत्या. काही पाट्यांच्या मागं कचेरी यायची बाकी होती. कॉलेजात स्थापत्य, यंत्र, विद्युत असे विभाग होते आणि शेवटच्या वर्षाला 'प्रकल्प व संशोधन पद्धती' नावाचा एक विषय होता. तो कुणालाच नको होता. त्यात यंत्र नव्हतं, गणित नव्हतं, बोर्डावर काढायला आकृती नव्हती. सगळ्यांत नवी म्हणून तो माझ्या गळ्यात पडला.

बाहेरच्या माणसाला हा विषय दोन ओळींत सांगता येतो. एक प्रश्न धरायचा. उत्तर काय असेल याचा आधी अंदाज करायचा. त्या अंदाजाला गृहीतक म्हणतात. मग मोजायचं. मोजलेलं अंदाजाशी जुळलं नाही, तर अंदाज टाकून द्यायचा, मोजलेलं टाकून द्यायचं नाही. एवढंच. उरलेलं सगळं लोकांनी पुस्तकं जाड व्हावीत म्हणून लिहिलेलं आहे.

पण हे मी आता म्हणते. तेव्हाची ती बाई असं काही म्हणत नव्हती. तिच्याबद्दल मी इथं परक्या बाईबद्दल लिहावं तसंच लिहिणार आहे, कारण तिची माझी आता फारशी ओळख राहिलेली नाही. कडक खळ घातलेली साडी, पर्समध्ये दोन पेनं, एक निळं आणि एक लाल, आणि तोंडात सतत 'गृहीतक'. पोरं तिला मागं 'गृहीतकबाई' म्हणायची. तिला ते ठाऊक होतं आणि आतून बरंही वाटायचं. इतकी ती बाई होती.

पहिल्या वर्षी तिनं संशोधनाच्या सोळा पायऱ्या लिहून दिल्या. तोंडी परीक्षेला मुदखेडच्या एका मुलानं सोळाच्या सोळा पायऱ्या म्हणून दाखवल्या, वहीतल्या पान क्रमांकासकट. बाई खूश. सहज म्हणून तिनं विचारलं, "बरं, तुला स्वतःला काय शोधावंसं वाटतं?"

मुलगा म्हणाला, "तुम्ही द्याल ते, मॅडम."

ते उत्तर तिला लागलं. त्या उन्हाळ्यात ती एका प्रशिक्षणाला गेली आणि तिथून एक नवा शब्द घेऊन आली, 'विद्यार्थिकेंद्री'. आल्या आल्या तिनं बाकं हलवून वर्ग गोल मांडला, मध्ये जागा मोकळी सोडली आणि पोरांत जाऊन बसली. पोरं संकोचानं खाली माना घालून बसली. तेवढ्यात व्हरांड्यातून प्राचार्य चालले होते. गोल बसलेला, खाली माना घातलेला, गप्प वर्ग पाहून ते दारातच थांबले, डोक्यावरची टोपी काढली आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं?"

तरी गोल टिकला. नियम एकच केला: प्रश्न घरून आणायचा. पुस्तकातला चालणार नाही, मॅडमनं दिलेला तर मुळीच नाही. आणि खरंच प्रश्न आले. मुदखेडच्याच दुसऱ्या एका मुलानं महिनाभर स्टेशनवर बसून गाड्यांचा उशीर मोजला. त्याचा निष्कर्ष असा, की गाडीला उशीर झालाय हे सांगणारा फळा गाडीपेक्षाही उशिरा लिहितात. उदगीरच्या सिद्रामला त्याच्या वडिलांच्या दुकानात तूर डाळीचा चुरा किती होतो ते मोजायचं होतं. लिंगायत घर, पिढीजात अडत. वडिलांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्याला तराजूवरून उठवलं. "तूर हातात धरली की मला कळतं. तू काय मोजून राहिलास? गिऱ्हाईक बघतंय." बिचारा प्रश्नाविना वर्गात परत आला.

त्याच गोलात विमल बसायची. विमल सोनकांबळे. जळकोटकडच्या एका गावच्या बौद्ध वस्तीतली, स्थापत्यच्या वर्गात दोनच मुली, त्यांतली एक. आई-वडील आणि आजी, तिघंही रोजगार हमीच्या कामावर. बोलायची कमी. त्या वर्षी दुष्काळ होता. सलग दुसरा. वर्गात ज्याला त्याला पाण्याचाच प्रश्न होता, पण विमलचा प्रश्न नीट मोजता येण्यासारखा होता. ती म्हणाली, "आमच्या गावात दोन हापसे आहेत. एक वेशीपाशी, एक वस्तीत. ते दिवसाच्या कुठल्या वेळेला किती दमतात, ते मोजायचं."

दमतात! बाईला हा शब्द फार आवडला. तिनं लगेच त्याचं 'क्षमता' करून टाकलं.

मोजायची पद्धत मात्र पोरांनीच काढली, तिची नाही. घागरी लहानमोठ्या असतात, म्हणून सिद्रामनं दुकानातून तेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा आणला. वडिलांना त्यानं काय सांगितलं ते त्यालाच माहीत. आता तो विमलच्या प्रकल्पात भागीदार होता. डबा भरायला दांडा किती वेळा मारावा लागतो, ते मोजायचं. दांडे जितके जास्त, हापसा तितका दमलेला. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. दोन्ही हापशांवर, आठवडाभर. सिद्राम वेशीपाशी, विमल वस्तीत. तक्त्याला तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ.

इथंवर सगळं छान चाललं होतं. मग प्राचार्यांनी बाईला बोलावून घेतलं. समोर नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब बसलेले. टँकरचं काम त्यांच्याकडं होतं. माणूस नवा, गावं नवी, माणसं कमी. ते म्हणाले, "तुमची पोरं हापसे मोजून राहिलीत असं ऐकलं. त्या गावाला टँकर मंजूर झालाय. रोज एक खेप, वेशीपाशीच्या आडात ओतायची. आता कुठल्या वेळेला ओतायची ते ठरवायचंय. तक्ता द्या, त्यावरून ठरवून टाकू."

बाई हवेतच परत आली. वर्गात तिनं ही बातमी भाषणासारखी सांगितली. आपला तक्ता आता नुसता गुणांसाठी नाही, त्याच्यावर एका गावाची टँकरची वेळ ठरणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विमलनं वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, "मॅडम, मग मी आकडे अजून एकदा मोजून बघते." आणि पुढच्या आठवड्यात तिनं खरंच पुन्हा मोजले.

तक्ता आला तो असा. वेशीपाशीचा हापसा सकाळी दमलेला. डब्याला सत्तर दांडे, कधी त्याहून जास्त. दुपारी बरा, संध्याकाळी डबा पस्तीस-चाळीसावर भरायचा. वस्तीतला नेमका उलटा. सकाळी ताजातवाना, छत्तीस दांडे. संध्याकाळी अगदी थकलेला, ऐंशीच्या वर.

बाईनं तक्ता पाहिला आणि तिच्या मनात गृहीतक तयारच होतं. नांदेडला तिच्या माहेरी पाणी सकाळी भरत. लातूरला तिच्या सासरी पाणी सकाळी भरत. पाणी बायका सकाळी भरतात. म्हणजे हापसा सकाळी दमणार आणि संध्याकाळपर्यंत विश्रांती घेऊन सावरणार. वेशीपाशीचे आकडे तसेच होते. वस्तीतले उलटे.

"विमल, तू वस्तीच्या तक्त्यात रकाने उलटे लिहिलेस."

"नाही, मॅडम."

"मग सकाळी एवढे कमी दांडे कसे?"

"मॅडम, आमच्याकडं सकाळी बाया—"

"कारणं नंतर. आधी आकडे. दोन्ही हापसे एकाच गावातले, एकाच जमिनीतले. वेशीपाशी सकाळी सत्तर आणि तुझ्याकडं छत्तीस? ह्याला लिहिताना झालेली अदलाबदल म्हणतात. फार होते अशी. लाजू नकोस."

"मी दोन आठवडे मोजलंय, मॅडम."

"दोन आठवडे उलटं लिहिलंस."

सिद्राम मध्ये पडला. "मॅडम म्हणून राहिल्यात तर आसंल, विमल. त्या संख्याशास्त्राच्या हायेत."

विमलनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो डबा उचलून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

आणि बाईनं लाल पेन काढलं. वस्तीच्या तक्त्यात 'सकाळ' खोडून 'संध्याकाळ' लिहिलं, 'संध्याकाळ' खोडून 'सकाळ' लिहिलं. वर बाणही काढले, दोन, एकमेकांना छेदणारे. कुणी म्हणेल, मोजलेलं टाकून द्यायचं नाही हे शिकवणारी ही बाई. कुणी कशाला, मीच म्हणते. पण तिला त्या क्षणी आपण काही टाकून देतोय असं वाटलंच नाही. आपण नीट लावतोय असं वाटलं. उलटी रीडिंग करणाऱ्याला नेहमी असंच वाटतं. जर्नल लिहिताना मलाही वाटायचं.

तक्ता टाइप होऊन कचेरीत गेला. त्यावर आता दोन्ही हापसे सकाळी दमत होते. साहेबांनी टँकरची वेळ ठरवली, सकाळी दहा. बाईनं घरी पेढे आणले.

त्यानंतर विमल वर्गात यायची बंद झाली.

चार दिवस झाले, आठ झाले. बाईला राग आला. गोलातली एक जागा रिकामी राहिली की गोल दिसत नाही, असलं काहीतरी ती वर्गात म्हणाली. सिद्राम खाली बघून म्हणाला, "मॅडम, ती आडावर हाय."

"कुठल्या आडावर?"

"वेशीपाशीच्या. टँकर येतोय ना दहाला."

"मग?"

"मग काय, मॅडम. तिच्या वस्तीतलं कुणीच नसतंय ना तिथं." तो अजून काहीतरी सांगणार होता, पण तास संपला. बाईनंही विचारलं नाही.

सांगायला आली ती विमलची आजी, कौशाबाई. कामाच्या आठवडी सुट्टीच्या दिवशी सिद्राम तिला बस स्टँडवरून घेऊन आला. स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली, नऊवारी गुडघ्यापर्यंत ओढलेली, हातात पिशवी. आत पंखा फिरत होता आणि आम्ही पाच-सहा जण चहा पीत होतो.

"गृहीतकबाई कोन्ती?" तिनं सिद्रामला विचारलं.

स्टाफरूममधला चहा सांडला. सिद्रामचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बाई उठली. "मी. बसा, आजी."

"बसाया न्हाई आले माय, मागं फिराया बस हाय. येक इचारायचं हाय. तुमच्या घरी पानी कवा भरत्यात?"

"सकाळी."

"हाव. आन आमच्या?"

बाईनं हातातला कप टेबलावर ठेवला.

"इचारलं का?" कौशाबाईच्या आवाजात राग नव्हता, ते मला आजही आठवतं. बाजारात भाव विचारावा तसं तिनं विचारलं. "आमी सकाळी सहाला कामावर. तळ्याचं काम हाय, तीन कोसावर. सून, ल्योक, शेजारपाजार, समदी वस्ती. येताना दिस कलतोय. मग आमी पानी भरतो, संध्याकाळी. म्हून आमचा हापसा संध्याकाळी दमतोय. सकाळी त्याला कोन हात बी लावीत न्हाई, त्यो निस्ता झोपलेला आसतोय. पोरीनं तसंच लिव्हलं. आन तुमी त्ये फिरीवलं."

"आजी, टँकर गावासाठी येतो. सगळ्यांसाठी."

"हाव ना. दहाला येतोय, आकराला आड खरडून निघतोय. आमी तवा कुटं? तळ्यावर माती उचलून राहिलो." मग ती म्हणाली, "वस्तीतली येकांदी बाई घरी राहिली तर रोजगार जातोय. म्हून विमल राहती. येकटी पोरगी, आन समोर गाव. किती भरील? आडावर तिला कोन किती येळ हुबं राहू देतंय?"

हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता.

कौशाबाईनं पिशवीतून एक कागद काढला. बाईच्याच हाताचा लाल बाण असलेला मूळ तक्ता. टाइप झाल्यावर विमलनं तो मागून घेतला होता. "ह्यो पोरीनं ठिवला हुता. मी म्हनले, ज्याचा हाय त्याला देऊन येते." तो टेबलावर ठेवून, चहा नको म्हणून, ती सिद्रामबरोबर निघून गेली.

त्या दिवशी बाईनं काय विचार केला, याचं सुंदर वर्णन मी करू शकले असते. पण खरं सांगते, पहिला विचार हा आला, की हे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी ऐकलं.

ती प्राचार्यांकडं गेली. ते म्हणाले, "झालं ते झालं. तोंडी सांगून टाकू साहेबांना, वेळ बदला म्हणून. लिहून कशाला देता? कॉलेजचं नाव जातंय."

तोंडी सांगून काही झालं नाही. कचेरीत आदेश निघाला होता आणि निघालेला आदेश तोंडानं मागं येत नाही. साहेब दौऱ्यावर होते. टेबलामागं कारकून होता. खुर्ची अजून आली नव्हती म्हणून लाकडी पेटीवर बसलेला. भला माणूस. त्यानं बाईला छापील नमुना दिला. त्यात एक ओळ होती: दुरुस्तीचं कारण.

"काय लिहू?" बाईनं विचारलं.

"टंकलेखनाची चूक लिहा, मॅडम. सगळे तेच लिहितात. पटकन होऊन जातं."

इथं त्या बाईचा हात थांबला. वाटलं, टंकलेखनाची चूक. कुणाचं काय जातंय? टायपिस्टला कळणारही नाही. उत्तर तर तेच येणार आहे, टँकरची वेळ बदलणार आहे. उत्तर ठरलेलं असलं की मागचं काहीही लिहिता येतं. ह्यात तर आपण तरबेज आहोत.

पुढचं करायला तिला बराच वेळ लागला. कारकुनानं मधल्या वेळात दोन माणसं उरकली. मग तिनं त्या ओळीत लिहिलं: 'आकडे बरोबर होते. विद्यार्थिनीनं बरोबर मोजलं होतं. माझ्या घरी पाणी सकाळी भरतात, म्हणून मी रकाने बदलले.' खाली सही, हुद्दा.

कारकुनानं वाचलं. पुन्हा वाचलं. "मॅडम, हे कारण नमुन्यात बसत नाही."

"मग मागच्या बाजूला लिहिते."

"बसत नाही म्हणजे जागेत नाही हो," तो म्हणाला, "असलं कारण आजवर कुणी दिलंच नाही. साहेब मला विचारतील." त्यानं डोकं खाजवलं, पण शिक्का मारला. तीन प्रती.

वेळ बदलायला आणखी दहा-बारा दिवस गेले. टँकर संध्याकाळी यायला लागला, काम सुटल्यावर. आता वस्तीतल्या बाया सगळ्या मिळून आडावर जात, आणि सगळ्या मिळून गेलं की आडावर उभं राहण्याचा प्रश्न जरा वेगळा होतो. वेशीपाशीच्या बायांनी कुरकुर केली, मग त्यांचं त्यांना जमलं. त्या दिवसभर घरीच होत्या आणि त्यांचा हापसा संध्याकाळी सावरलेला असायचा. म्हणजे पोरीचा तक्ता दोन्हीकडून बरोबर निघाला.

पण विमलची हजेरी भरली नाही. बाई प्राचार्यांशी भांडली, विद्यार्थिनी कॉलेजच्याच चुकीमुळं गैरहजर होती म्हणाली, मग 'माझ्या चुकीमुळं' म्हणाली. नियमात 'चूक' असा रकाना नव्हता. विमलची टर्म गेली. सहा महिन्यांनी ती पुन्हा बसली आणि पास झाली, चांगल्या गुणांनी. ती पुढं पाटबंधाऱ्यात लागली, बढती मिळाली, आता निवृत्तीला आलीय. लोक म्हणतात, झालं की शेवटी चांगलं. झालं. पण ते सहा महिने माझ्या लाल पेनानं गेले, आणि ते मी कुठल्याही नमुन्यात भरून देऊ शकले नाही.

शिकवण्यात एक फरक पडला. पुढच्या वर्षापासून माझ्या पोरांच्या प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या पानावर एक मथळा असायचा: 'मॅडमचा अंदाज'. मोजायला निघण्याआधी मला विचारायचं, मी काय म्हणते ते लिहून घ्यायचं, आणि शेवटच्या पानावर तो कितपत चुकला ते लिहायचं. पोरं जाम खूश असायची. मॅडमला चूक ठरवण्यासाठी म्हणून ती इतकी नीट मोजायची, की मला सोळा पायऱ्या पुन्हा कधी सांगाव्या लागल्या नाहीत. बिलोलीच्या एका मुलानं तर निष्कर्षात लिहिलं होतं, 'मॅडमचा अंदाज बरोबर आल्यामुळे प्रयोग पुन्हा करावा.' बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ह्या मुलाला शिक्षा करू का? मी म्हटलं, दोन गुण जास्त द्या.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगते.

टँकरची वेळ बदलल्यावर एका रविवारी ती बाई विमलच्या वस्तीत गेली. माफी मागायला, असं तिनं ठरवलं होतं. बसमध्ये वाक्यंही जुळवली होती. कडक साडी, पर्स. पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. हापशापाशी बाया होत्या, कौशाबाई होती आणि विमल तो तेलाचा डबा लावून वही घेऊन बसली होती. तिची टर्म गेली होती, प्रकल्पाचे गुण ह्या वर्षी मिळणार नव्हते. तरी ती मोजतच होती.

बाईनं वाक्य सुरू केलं, "विमल, मला तुझ्याशी—"

"आगं, मास्तरीन आली!" कौशाबाई बायांना म्हणाली. "व्हा बाजूला. बाई, इकडं या. धरा."

आणि तिनं हापशाचा दांडा बाईच्या हातात दिला. बाया तोंडाला पदर लावून बघायला लागल्या.

बाईनं जन्मात हापसा मारला नव्हता. पहिले दहा दांडे नुसती हवा. मग खालून पाण्याचा आवाज आला, मग बोटाएवढी धार. वीस. तीस. साडीची खळ मोडली. पर्स कुणीतरी हातातून काढून घेतली. पन्नासाच्या पुढं दंड भरून आले, साठाला डोळ्यांपुढं काजवे चमकले. कुणीतरी मागून म्हणालं, "लई भारी हाय गं गृहीतकबाई," आणि सगळ्या हसल्या, आणि त्या हसण्यात बाईचा आकडा चुकला. त्र्याऐंशी की पंच्याऐंशी? डबा भरला होता. काठावरून पाणी सांडत होतं.

तिनं कपाळ पुसलं आणि विमलला म्हटलं, "चौऱ्याऐंशी लिही."

विमलनं वहीतून वर बघितलं. पेन उचललं नाही.

"मोजलेत का, मॅडम?"

बाईनं पदर खोचला.

विमलनं डबा उचलून कौशाबाईच्या घागरीत ओतला, एक थेंब खाली न जाऊ देता. रिकामा डबा पुन्हा धारेखाली ठेवला, वहीचं नवं पान काढलं आणि म्हणाली, "पहिल्यापासून."

मी दांडा धरला आणि मोठ्यानं म्हटलं, "एक."